सुहेलीचं सागवानी मॉडेल गंगापूर धरणात आडवं होतंय आणि वळत नाही, बोटीची रचना समजणाऱ्यांनी सांगा

वाड्याचं_सागवान (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी. आमचं पंचवटीत सुतारकाम आहे, आजोबांपासूनचं. दोन वर्षांपूर्वी जुन्या नाशकातला एक वाडा उतरवला तेव्हा त्यातल्या तुळया आम्ही घेतल्या, शंभरेक वर्षांचं सागवान, आजही रंधा मारला की वास घरभर जातो. त्यातल्या एका तुळईवर वडिलांचा जीव होता, ती विकूच देईनात. मग मी त्यांना एकदा सुहेली बोटीबद्दल वाचून दाखवलं, की जगाला एकट्याने न थांबता पहिली फेरी मारणारी बोट आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानात, वाकस आणि कमानीचं गिरमिट वापरणाऱ्या सुतारांनी. वडील ७४ वर्षांचे आहेत, ते ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी तुळईवर खडूने रेघ मारून बसले होते.

तर सात महिन्यांत मॉडेल झालंय, १:८ मापाचं, म्हणजे ४ फुटाच्या थोडं वर. कील, म्हणजे तळाचा कणा, एकाच तुकड्यात कोरलीय, वरच्या फळ्या ६ मिमीच्या, दोन डोलकाठ्या, खरी शिडं शिवून घेतलीत. माझ्या मुलाने रिमोट बसवला, एक सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर, सुकाणूला आणि दोरी गुंडाळणारी एक विंच शिडांच्या दोऱ्यांना. कीलमध्ये ५ किलो शिसं ओतलंय, सगळं मिळून वजन ११ किलो भरतं.

गेल्या रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेली. दुपारी वारा बऱ्यापैकी होता. बोट सुटली आणि लगेच इतकी कलली की डेकची कड पाण्यात. वारा कमी झाला की उठते, पुन्हा झोत आला की आडवी. त्याहून वाईट म्हणजे वळतच नाही. सुकाणू पूर्ण फिरवलं तरी नाक वाऱ्याच्या तोंडापर्यंत येतं, तिथे थांबते आणि मागे मागे सरकायला लागते. सरळ मात्र अशी जाते की बास, सुकाणूला हात न लावता काठापासून काठापर्यंत गेली, आणायला मुलाला पोहत जावं लागलं.

वडिलांचा एक वेगळा प्रश्न आहे, तो त्यांच्या शब्दांत लिहितो: "मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी टोकदार का केली? सपाट फळी लावली असती तर निम्मं काम वाचलं असतं, प्रत्येक फळी दोन्हीकडे पिळावी लागली. कारण असल्याशिवाय कोणी सुतार एवढा त्रास घेणार नाही." मलाही ते कारण सांगता आलेलं नाही.

आणि सगळीकडे वाचतो की ही बोट स्लो आहे, जड आहे, जुन्या धाटणीची आहे. मग जगाला फेरी मारायच्या त्या शर्यतीत तीच एकटी कशी पोचली?

दर्याकाका_देवळाली

बाबा, आधी तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. मी २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता देवळाली कॅम्पला असतो. रिटायर झाल्यावर एका मित्राच्या ३६ फुटी लाँग कीलवाल्या जुन्या बोटीवर दोन लांबचे प्रवास केले, त्या अनुभवावर बोलतो.

सुरुवात वडिलांच्या प्रश्नापासून करतो कारण तो सगळ्यात खोल प्रश्न आहे. ही जात नॉर्वेची. कॉलिन आर्चर नावाचा माणूस होता, १८३२ चा जन्म, त्याने १८९० च्या दशकात मच्छीमारांना वाचवायला जाणाऱ्या बोटी काढल्या. विचार कर, तिकडच्या थंडीत, वादळात, सगळे घरी यायला बघतात तेव्हा ह्या बोटी बाहेर जाणार, इंजिन नाही, फक्त शीड, आणि परत येताना दुसरी बोट ओढत आणायची. अशा बोटीला मागून येणारी लाट हा खरा धोका. मागे रुंद सपाट फळी असली की लाट तिच्यावर आपटते आणि ढुंगण उचलते, नाक खाली घुसतं, मग बोट आडवी फिरून लाटेला कुशी देते आणि उलटते. निमुळती मागची बाजू लाटेला दुभागते, पाणी दोन्हीकडून निघून जातं. दुसरं म्हणजे पुढचं आणि मागचं टोक साधारण सारख्या फुगवट्याचं असलं की बोट कलली तरी तिचा तोल मागेपुढे सरकत नाही, त्यामुळे सुकाणू जड होत नाही. मागे रुंद असलेली बोट कलली की आपोआप वाऱ्याकडे तोंड करायला बघते आणि सुकाणूवरचा माणूस तिच्याशी दिवसभर कुस्ती खेळतो. म्हणजे वडिलांनी पिळलेली प्रत्येक फळी त्या माणसाचे हात वाचवायला आहे, असं त्यांना सांग.

मग १९२० च्या दशकात अमेरिकेत विल्यम ॲटकिनने तीच रचना लहान करून ३२ फुटात बसवली, त्या प्लॅनचं नाव एरिक. सुहेलीतून जगाला फेरी मारणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजावर अधिकारी होता, त्याने आणि मित्रांनी मागवला एक प्लॅन आणि आला हा जुना एरिकचा, परत मागवायला वेळ नव्हता म्हणून हाच बांधायला दिला. १९६४ च्या शेवटी मुंबईत पाण्यात उतरली. सुहेली हे आखाती अरब खलाशांनी आग्नेय वाऱ्याला दिलेलं नाव.

गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परत, ३१२ दिवस. नऊ जण निघाले होते, पोचला एक. साधारण ३०,००० सागरी मैल धर, म्हणजे सरासरी ४ नॉट, ताशी साडेसात किलोमीटर. आपल्याकडे सायकलवाला त्याहून जोरात जातो. पण ते साडेसात किलोमीटर रात्री झोपेतही चालू असतात आणि दहा महिने थांबत नाहीत, हे लक्षात घे.

आता तुझी जी तक्रार आहे ना की सरळ जाते आणि वळत नाही, तोच तर तिचा गुण. ऑस्ट्रेलियापाशी त्याचं स्वयंचलित सुकाणू मोडलं, घरीच बनवलेलं होतं. तिथून इंग्लंडपर्यंत अर्धं जग बाकी, आणि एकटा माणूस चोवीस तास टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरू शकत नाही. दुसरी एखादी चपळ बोट असती तर तिथेच संपलं असतं. त्याने शिडांचा तोल असा बसवला की टिलर बांधून ठेवला तरी बोट आपला रस्ता धरून राहते आणि हा खाली झोपतो. लाँग कील म्हणजे नाकापासून सुकाणूपर्यंत पाण्याखाली एक लांबलचक भिंत, तिला दिशा सोडावीशीच वाटत नाही. तुझ्या मुलाला पोहायला लागलं ते ह्याच गुणामुळे.

जडपणाबद्दल पण सांगतो. कसारा घाटात रिकामा टेम्पो आणि भरलेला ट्रक, खड्ड्यात कोण किती उडतो ते बघ. हलकी बोट प्रत्येक लाटेवर उडते, तिसऱ्या दिवशी माणूस जेवायचा बंद होतो, पाचव्या दिवशी चुकीचे निर्णय घ्यायला लागतो. जड बोट लाटेतून जाते, दमाने वर येते दमाने खाली जाते, त्यात चहा करता येतो. मी स्वतः अटलांटिकवर ३५ नॉटच्या वाऱ्यात डाळभात शिजवलाय, कुकर बांधून. जिब म्हणजे पुढचं शीड उलटी बांधायची, मेन म्हणजे मोठं शीड लहान करायची, टिलर वारा येतो त्याच्या उलट बाजूला बांधायचा, की बोट जागच्या जागी तिरकी उभी राहते आणि हळू वाहत जाते, ह्याला हिव्ह-टू म्हणतात, आणि लाँग कील बोट हे जितकं शांतपणे करते तितकं फार थोड्या बोटी करतात. बाहेर वादळ आणि आत एकदम घरात आल्यासारखं वाटतं.

अंबड_पॅटर्नशॉप

मी अंबड एमआयडीसीत पॅटर्न आणि फायबरचं काम करतो, बोट कधी चालवली नाही पण मापाचं गणित रोजचं आहे म्हणून लिहितोय.

दादा तुमचं मॉडेल अर्धपोटी आहे. सुहेलीचं नेमकं वजन बाजूला ठेवू, पण ह्याच एरिक प्लॅनवरून पुढे अमेरिकेत वेस्टसेल ३२ नावाची फायबरची बोट निघाली, ती साधारण १९,५०० पौंडांची, म्हणजे ९ टनाला थोडी कमी. मापं १:८ केली की लांबी आठ पट कमी पण वजन ८ × ८ × ८ म्हणजे ५१२ पट कमी होतं. ९,००० भागिले ५१२ म्हणजे साडेसतरा किलो. धरणाचं पाणी गोडं आहे, समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, म्हणून गोड्या पाण्यात त्याच रेघेवर तरंगायला १७ किलो धरा. तुमची ११ आहे. म्हणजे ६ किलो कमी, बोट पाण्याच्या दोन बोटं तरी वर तरंगत असणार, बरोबर का? फोटो असेल तर टाका.

सहा किलो शिसं म्हणजे फक्त अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढं, जागा भरपूर आहे, फक्त सगळं कीलच्या तळाला जाऊ द्या, वर अजिबात नको.

पण एवढ्याने भागणार नाही आणि हे जरा नीट वाचा. शिडावरचा वाऱ्याचा जोर क्षेत्रफळावर, म्हणजे मापाच्या वर्गावर, आणि तो ज्या उंचीवर लागतो ती धरून कलवणारी ताकद मापाच्या घनावर जाते. बोटीला सरळ करणारी ताकद मात्र वजन गुणिले अंतर, म्हणजे मापाच्या चौथ्या घातावर. म्हणून बोट आठ पट लहान केली की कलवणारी ताकद ५१२ पट कमी होते पण सरळ करणारी ४०९६ पट कमी होते. त्याच वाऱ्यात तुमचं मॉडेल खऱ्या बोटीपेक्षा आठ पट नाजूक. हिशोबाने बघायचं तर वाऱ्याचा वेग ८ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.८३ ने गुणायचा. रविवारी दुपारी धरणावर १२ नॉट वारा असेल तर तुमच्या मॉडेलच्या दृष्टीने तो ३४ नॉट होता, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापावरची ८ नंबरची गेल, वादळी वारा. आणि तुम्ही सगळी शिडं उघडून तिला त्यात सोडलीत. ती उठत होती हेच वडिलांच्या कामाचं सर्टिफिकेट आहे.

सकाळी सात वाजता न्या, ४–५ नॉटच्या वाऱ्यात. किंवा मॉडेलवाले करतात तसं खाली एक काढता येणारी पट्टी आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा लावा, पाण्याखाली दिसत नाही, घरी आणली की काढून ठेवायची.

शिडवाली_मेघा

मी कॉलेजात एनसीसी नेव्हलमध्ये होते, मुंबईला एंटरप्राइज क्लासवर शिकले, नंतर मोठ्या बोटींवरही गेले. आता गंगापूर रोडला राहते.

वळण्याबद्दल. काकांनी गुण सांगितला पण दादांना बोट वळवायची तर आहे ना. तुमची तिन्ही शिडं एकाच विंचवर आहेत का? असतील तर तिथेच गडबड आहे. सुहेली केच आहे, म्हणजे मागे सुकाणूच्या पुढे एक लहान डोलकाठी, तिच्यावरच्या शिडाला मिझन म्हणतात. ही मिझन म्हणजे मागचं सुकाणूच समजा, हवेतलं. वाऱ्याकडे वळायचं तर मिझन घट्ट ओढायची आणि जिब किंचित सैल, मग वारा मागची बाजू ढकलतो आणि नाक वर येतं. नाक वाऱ्यापलीकडे गेलं की उलटं, मिझन सैल सोडायची आणि जिब जुन्याच बाजूला अडवून धरायची म्हणजे वारा तिला उलटीकडून भरतो आणि नाक पलीकडे ढकलतो. एकाच विंचवर तिन्ही बांधली की हे काहीच करता येत नाही.

आणि सुकाणू पूर्ण फिरवू नका!! लाँग कीलला सुकाणू कीलच्या शेवटाला चिकटलेलं असतं, ते ३० अंशाच्या पुढे गेलं की वळवत नाही, ब्रेक लावतं. आधी थोडं वाऱ्यापासून दूर जाऊन वेग घ्या, मग हळूहळू फिरवा, मोठा गोल घेऊ द्या. वजन वाढवल्यावरही फरक पडेल कारण जड बोट वेगाच्या जोरावर वाऱ्याचं तोंड ओलांडते, तुमची ११ किलोची मध्येच दम सोडते.

पण काका, एका गोष्टीवर मी तुमच्याशी सहमत नाही. लाँग कील आणि टोकदार मागची बाजू असेल तरच बोट समुद्रात टिकते असं वाचणाऱ्याला वाटेल. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धक गेले, आणि सगळ्यात लहान गटातली एकच बोट शर्यत पूर्ण करून आली, ती कॉन्टेसा ३२. तिला लाँग कील नाही, फिन कील आहे, म्हणजे मधोमध आखूड खोल पातं, आणि सुकाणू वेगळं, पुढे आधाराला स्केग नावाचं छोटं पातं. तिला वाचवलं ते अरुंद अंगाने आणि खोल शिशाने, वजनाच्या जवळपास निम्मा भाग तिच्या कीलमध्ये आहे. म्हादेई घ्या, गोव्यात बांधलेली ५६ फुटी, तीही लाँग कीलवाली नाही, तिच्यावरून दिलीप दोंदे २००९–१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले आणि २०१२–१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. वाऱ्याच्या दिशेला चढायचं असेल, म्हणजे कोकण किनाऱ्यावरून वाऱ्याविरुद्ध मुंबईकडे यायचं असेल, तर लाँग कील बोटीत नुसता जीव काढावा लागतो. आणि बंदरात इंजिनवर मागे घ्यायची म्हटलं की ती कुठे जाईल ते तिलाच माहीत.

दर्याकाका_देवळाली

मेघा, मागे घेण्याबद्दल शंभर टक्के मान्य, मी एकदा दुसऱ्याच्या बोटीचा कठडा वाकवलाय. कॉन्टेसाबद्दलही मान्य, आणि तू म्हणतेस ते खरं की नुसत्या कीलच्या लांबीने बोट वाचत नाही, रुंदी किती, वजन किती, शिसं किती खोल ह्यावर आहे. फास्टनेटनंतर एक साधं सूत्र आलं, बोटीच्या वजनाला ६४ ने भागून त्याचं घनमूळ काढायचं आणि त्याने रुंदीला भागायचं, पौंड आणि फुटात. उत्तर २ च्या खाली असेल तर लांबच्या समुद्राला योग्य. रस्टलर ३६ नावाची बोट धर, ११ फूट रुंद, १६,८०० पौंड, उत्तर येतं १.७२. रुंद आणि हलक्या बोटींचं उत्तर २ च्या वर जातं कारण त्या सरळ उभ्या असताना घट्ट असतात, आणि एकदा उलट्या झाल्या की उलट्याही तितक्याच घट्ट बसतात.

आणि कोणतीच बोट अमर नाही हे मी आधीच लिहायला हवं होतं. सुहेलीचीच प्रतिकृती तुरीया गोव्यात बांधली, अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोबला घेऊन गेले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंद महासागरात वादळाने तिला लोळवलं, डोलकाठ्या गेल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत, तीन दिवस तसेच पडून होते तेव्हा फ्रेंच गस्ती बोटीने काढलं. त्याच वादळात दुसऱ्या एकाची ३६ फुटी लाँग कील बोटही डोलकाठ्या गमावून बसली. पण दोन्ही बोटींचे सांगाडे तरंगत राहिले, माणूस आत कोरडा राहिला, मी तेवढंच मागतो बोटीकडून. तोच अभिलाष टॉमी पाठीत टायटॅनियमच्या पट्ट्या घेऊन २०२२ ला पुन्हा निघाला, रस्टलर ३६ वरून, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला.

१९९१ चं एक उदाहरण देतो आणि थांबतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ते मोठं वादळ, त्यात एक वेस्टसेल ३२ होती, माणसांना हेलिकॉप्टरने उचललं, बोट तशीच सोडून दिली. काही दिवसांनी ती एकटीच मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत येऊन बसलेली सापडली, धड. पंचवटीत मॉडेल बनलंय ते हिच्याच घराण्यातलं.

हर्णैचा_पोर

मी मूळचा हर्णैचा, नाशिकला शाळेत शिकवतो. वाड्याचं सागवान दादा, तुमच्या वडिलांना सांगा आमच्या आजोबांची शिडाची होडी पण दोन्हीकडे निमुळती होती. मागे सपाट फळी आमच्याकडे आली ती मशीन बसवायला जागा लागायला लागली तेव्हा. आजोबा म्हणायचे मागून लाट आली की होडीने तिला वाट द्यायला पाहिजे, अडवायचं नाही. नॉर्वेचा माणूस आणि आमचे आजोबा कधी भेटले नाहीत पण पाण्याने दोघांना एकच शिकवलं.

आणि रिकामी होडी घेऊन निघायचं असलं की आधी तळात नीरम भरायचा, दगड किंवा वाळूची पोती. नीरमाशिवाय शीड चढवलं तर आजोबा ओरडायचे. तुमच्या बोटीला नीरम कमी पडलाय एवढंच.

सुहेलीबद्दल मी एक वाचलंय, अटलांटिकमध्येच कीलजवळच्या सांध्यातून पाणी यायला लागलं तर त्याने स्वतः पाण्यात बुडी मारून सांध्यात कापूस ठोकला, वरून कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा खिळ्यांनी मारला, शार्क फिरत होता तो आधी गोळी घालून मारला आणि मग काम पुरं केलं. लाकडाच्या बोटीचं हे एक आहे की समुद्राच्या मध्यावरही माणसाच्या हाताला दुरुस्ती सापडते. आमच्याकडे अजून कापूस आणि तेल घालूनच सांधे भरतात.

वाड्याचं_सागवान (पंचवटी, नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रविवार गेले म्हणून उशिरा लिहितोय.

अंबडवाले दादा, बरोबर ओळखलंत, दोन बोटं वरच तरंगत होती, मी समजत होतो की वडिलांनी पाण्याची रेघ जरा उंच मारली. रेघ बरोबर होती. सहा किलो शिसं आणलं, वडिलांनी कीलच्या तळाला खाच घेऊन पट्टीसारखं ओतून बसवलं, घरी हौदात टाकली तर पाणी रेघेला असं लागलं की वडील बराच वेळ बघतच राहिले. खाली काढता-घालता येणारी पट्टी नको म्हणाले, मूळ बोटीला नव्हती तर हिलाही नको, मग आम्ही मेन शीड एक तृतीयांश लहान शिवून घेतलं.

मेघाताई, तिन्ही शिडं एकाच विंचवर होती. मिझनला वेगळा सर्व्हो लावला. जिबला मुलाने दोरीत थोडा इलास्टिक टाकला, तो वळताना तिला क्षणभर जुन्या बाजूला धरून ठेवतो.

काल सकाळी साडेसहाला नेली. पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या एवढाच वारा. कलली पण डेक कोरडं. पहिल्या दोन वेळा मी घाई केली आणि नाक वाऱ्यात अडकलं. तिसऱ्या वेळी सुकाणू अगदी हळू दिलं, मिझन ओढली, नाक वाऱ्यावर आलं, जिब उलटी भरली, आणि बोट मोठा गोल घेऊन पलीकडे गेली. मुलगा ओरडला. वडील काहीच बोलले नाहीत, चप्पल काढून गुडघाभर पाण्यात गेले आणि बोट त्यांच्याकडे येईपर्यंत तिथेच उभे राहिले.

काकांचं मागच्या फळ्यांबद्दलचं त्यांना वाचून दाखवलं. हर्णैच्या आजोबांचंही. आता त्यांचं म्हणणं आहे की सांध्यांना आम्ही फेव्हिकॉल आणि इपॉक्सी वापरलंय ते त्यांना पटत नाही, पुढची कापूस आणि तेलानेच भरायची. तुळई अजून अर्धी शिल्लक आहे. हर्णै दादा, कापूस कोणता लागतो, साधा वातीचा चालतो का त्याची वेगळी सुतळी मिळते, आणि तेलात काय मिसळतात ते विचारून सांगाल का?